पाच फूट नऊ इंचाचा बॅक: लेन हटसनची कारकीर्द आणि आपल्या पेठेतली पोरं

मिरजकर_तिकटी

मंडळी, फुटबॉलच्या विभागात बर्फावरची हॉकी आणतोय. शिव्या घालायच्या आधी शेवटपर्यंत वाचा, प्रश्न फुटबॉलचाच आहे.

हिवाळ्यात कॅनडातल्या मॉन्ट्रियल संघाचा घरचा सामना आपल्याकडं पहाटे साडेपाचला लागतो. दाजी तिकडं असतात, त्यांनी नाद लावला. त्या संघात लेन हटसन म्हणून एक बचावपटू आहे. जन्म १४ फेब्रुवारी २००४, अमेरिकेतल्या मिशिगनचा. उंची पाच फूट नऊ इंच. सहा फूट दोन-तीन इंचाचे बॅक जिथं सर्रास असतात तिथं हे पोरगं मागं उभं राहतं. २०२२ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ पाळीपाळीनं तरुण पोरं निवडतात त्यात, याचा नंबर ६२ वा. घेतला मॉन्ट्रियलनंच, पण त्याआधी त्यांनीही दुसरी पोरं उचलली होती. अगदी पहिल्या नंबरला स्लाफकोव्स्की हा धिप्पाड फॉरवर्ड.

पुढं दोन वर्षं बोस्टन विद्यापीठ. पहिल्या वर्षी ३९ सामन्यांत ४८ गुण, दुसऱ्या वर्षी ३८ सामन्यांत ४९ (गोल आणि गोलाचे पास मिळून). बॅकसाठी हे आकडे येडे आहेत. एप्रिल २०२४ मध्ये एनएचएलमध्ये, म्हणजे तिकडच्या बर्फावरच्या हॉकीच्या मोठ्या लीगमध्ये, आला. २०२४-२५ हा पहिला पूर्ण हंगाम, त्यात ८२ सामने, ६ गोल, ६० असिस्ट (गोलाचे पास). नवोदितांची कॅल्डर ट्रॉफी. मॉन्ट्रियलच्या खेळाडूला ती १९७२ च्या केन ड्रायडननंतर पहिल्यांदाच मिळाली. आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये आठ वर्षांचा करार, वर्षाला सरासरी ८८.५ लाख डॉलर.

आता आपल्याकडं, कोल्हापुरात. आमच्या गल्लीत एक पोरगं आहे, आठवीत. बॅक खेळतं. डोकं असं की पास कुठं पडणार हे त्याला आधी कळतं. पण अंगानं बारकं. शाळेच्या संघाच्या ट्रेनरनं सांगितलं, स्टॉपरला (गोलासमोरच्या मधल्या बॅकला) उंच पोरगं पाहिजे, तू विंगला जा नाहीतर बाकावर बस. पोरगं विंगला जाऊन हरवल्यासारखं खेळायलंय. त्याच्या बापाला मी हटसन दाखवला तर तो म्हणतो, “ती अमेरिका हाय.”

तर हटसनवरून आपण काही शिकायचं, का तो लाखात एक म्हणून सोडून द्यायचं?

तांबडा_पांढरा

पाच फूट नऊ इंच म्हणजे बुटका? आमच्या अख्ख्या घरात एवढं उंच कोण न्हाय. आम्ही काय मग, कुंडीतली झाडं?

शिवाजी_पेठ_कायमची

पहाटे साडेपाचला उठून बर्फ बघतोय. मंगळवार पेठेत जन्मला असणार.

मिरजकर_तिकटी

@शिवाजी_पेठ_कायमची, जन्म कुठला ते शाहू स्टेडियमवर सांगतो. इथं नको, धागा बंद पाडतील.

स्नेहल_टोरांटो

अरे वा, कोल्हापूरच्या धाग्यावर हटसन! माहेर राजारामपुरी, लेकरू इथं हॉकी खेळतं, त्यामुळं गेली काही वर्षं माझा प्रत्येक शनिवार थंडगार रिंकवर जातो. थोडं लिहिते.

बॅकचं काम टीव्हीवर नीट दिसत नाही. समजा समोरच्या संघानं चकती (पक) तुमच्या कोपऱ्यात टाकली. बॅकला गोलाकडं तोंड करून, म्हणजे मैदानाला पाठ करून, ती आणायला जायचं असतं. मागून नव्वद-शंभर किलोचा माणूस पूर्ण वेगात येत असतो, आणि त्यानं तुम्हाला कडेच्या फळीवर रेटणं नियमात बसतं, फक्त थेट पाठीतून आपटायचं नाही. जायच्या आधी खांद्यावरून मागं बघून घ्यायचं, कुठला माणूस कुठून येतोय ते डोक्यात ठेवायचं आणि चकतीला काठी लागायच्या आत पुढचा पास ठरलेला पाहिजे. उंच बॅक तिथं धक्का सोसून उभा राहतो. हटसनला ते परवडत नाही, म्हणून तो खांदा एकीकडं टाकतो, समोरचा तिकडं झुकतो, हा दुसरीकडून निसटतो. हे तो सामन्यात पुन्हापुन्हा करतो आणि लोक पुन्हापुन्हा फसतात.

दुसरं काम उलटं स्केटिंग. समोरून फॉरवर्ड सुसाट येतोय आणि तुम्ही त्याच्याकडं तोंड करून मागं मागं जाताय, मध्ये काठीभर अंतर राखून. अंतर जास्त ठेवलं तर तो शॉट मारतो, कमी ठेवलं तर बाजूनं निघून जातो. हे लवकर येत नाही. बॅक उशिरा पिकतो असं इथं सगळेच म्हणतात.

आणि एक गंमत. ड्राफ्टच्या आधी संघ पोरांच्या मुलाखती घेतात. हटसन तिथं डॉक्टरांचं पत्र घेऊन गेला होता, की याच्या हाडांचं वय मागं आहे, हा अजून वाढणार आहे. तरी ६१ जणं त्याच्या आधी गेली.

आजरा_घनसाळ

डॉक्टरांचं पत्र??? आपल्याकडं पोरं वय कमी दाखवायला दाखला आणतात, तिकडं उंची वाढणार म्हणून आणतात. 😂

गॅलरीतला_काका

आमच्या काळी चौदा वर्षांखालच्या संघात मिशी असलेला स्टॉपर असायचा. त्याची उंची वाढणार का हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

डॉ_अस्थी

हाडांच्या वयावर थोडं, कारण धागा वाचून कुणी आईबाप पोराला घेऊन धावतील.

डाव्या हाताचा, मनगटासकट, एक एक्सरे काढतात. वाढत्या वयात हाडांच्या टोकांना कूर्चेच्या पट्ट्या असतात, त्या वयाप्रमाणं हळूहळू भरत जातात. प्रमाण चित्रांशी ताडून सांगता येतं की चौदा वर्षांच्या पोराची हाडं बारा वर्षांची आहेत की सोळाची. हीच तपासणी आपल्याकडं क्रिकेटमध्ये वयचोरी पकडायला वापरतात, म्हणजे @आजरा_घनसाळ यांचा विनोद बराचसा खरा आहे.

हाडांचं वय मागं असेल तर पोरगं उशिरा वाढतं, पण वाढतं. आठवीत काही पोरांना दाढीची लव आलेली असते, काही अजून पाचवीतली वाटतात, आणि दोघंही निरोगी असतात. त्या वर्षी संघ निवडणारा माणूस बरेचदा खेळाऐवजी कोण आधी वयात आलं तेवढंच निवडत असतो. बारावीपर्यंत हा फरक पुष्कळसा मिटतो. तोवर मागं राहिलेली पोरं खेळ सोडून गेलेली असतात.

आणि कृपा करून उंचीसाठी पावडरी, इंजेक्शनं, लोंबकळायची यंत्रं यांच्या नादी लागू नका. पोराची वाढ खरंच थांबल्यासारखी वाटली तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा, बाकी जेवण आणि झोप.

तांबडा_पांढरा

जेवणाचं आमच्यावर सोडा डॉक्टर.

वि_गो_निवृत्त

मी दुसरी बाजू मांडतो. हटसनचं कौतुक चाललंय ते ठीक, पण तो बचावपटू आहे की मागं उभा केलेला फॉरवर्ड? साठ असिस्ट हे आक्रमणाचं मोजमाप झालं. पहिल्या हंगामात संघ एक माणूस कमी घेऊन खेळत असताना, म्हणजे खऱ्या बचावाच्या वेळी, त्याला फारसं उतरवत नव्हते. तिथं दुसरे, दांडगे बॅक जायचे. मग “बारका बॅक चालतो” याचा पुरावा म्हणून तो कसा धरायचा? त्याची झाकाझाकी करायला उंच माणसं संघात आहेत म्हणून तो चालतो. शाळेच्या संघात तेवढी माणसं कुठली?

त्या ट्रेनरला मी दोष देणार नाही. शालेय फुटबॉलात पुष्कळ गोल कॉर्नरवर आणि लांब फ्रीकिकवर पडतात. स्टॉपरला डोकं लावता आलं नाही तर सामना गेला. त्यालाही वरून निकाल विचारतात.

मिरजकर_तिकटी

@वि_गो_निवृत्त सर, कॉर्नरचा मुद्दा मान्य. पण बर्फावर हेडिंग नाही, तरी तिथंही उंचीच मागतात. म्हणजे हेडिंग हे सगळं कारण नव्हे.

आणि मागं उभा केलेला फॉरवर्ड म्हणाल तर तो रात्रीला सरासरी बावीस मिनिटांच्या वर खेळला, साठ मिनिटांच्या सामन्यात. चकती आपल्याकडं असली की समोरच्याला गोल करता येत नाही, हाही बचावच की.

वि_गो_निवृत्त

हे वाक्य मी पन्नास वर्षं हाफकडून (मधल्या फळीतल्या खेळाडूंकडून) ऐकतोय. मग पास चुकतो आणि बॅक एकटा सापडतो.

स्नेहल_टोरांटो

विगो काका, तुमचा आक्षेप इथल्या पेपरांतही असतो, त्यामुळं तुम्ही एकटे नाही. पण हटसनच्या आधीची यादी बघा. अ‍ॅडम फॉक्स २०१६ ला ६६ वा निवडला गेला, ज्यानं निवडला त्या संघाकडून तो एकही सामना खेळला नाही, आणि २०२१ मध्ये सर्वोत्तम बचावपटूची नॉरिस ट्रॉफी न्यूयॉर्क रेंजर्सकडून खेळून त्यानं घेतली. क्विन ह्यूज पाच फूट दहा, २०२४ ची नॉरिस. केल मकार पाच फूट अकरा, २०२२ आणि २०२५ ची. मकार तर एनएचएलमधला पहिला सामना थेट बाद फेरीत खेळला, एप्रिल २०१९ मध्ये, तोही स्वतःच्या गावच्या कॅलगरी संघाविरुद्ध, आणि त्यात गोल मारला. २०२२ मध्ये स्टॅन्ली कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, आणि त्या बाद फेरीतला सर्वोत्तम खेळाडूही तोच. म्हणजे मोठा बदल आधी झालाय. चालून येणाऱ्याला आडवा पाडणारा बॅक मागं पडला आणि चकती घेऊन बाहेर पडणारा पुढं आला. हटसन त्या वाटेवरचा सर्वांत बारका.

खासबाग_कुस्तीवाला

कुस्तीत हा प्रश्न सोडवलाय की राव. वजनगट. खाशाबा जाधव हेलसिंकीला १९५२ मध्ये ब्राँझ घेऊन आले ते बँटमवेटला, हलक्या गटात. त्यांना कुणी म्हटलं न्हाय की तुम्ही हेवीवेटशी लढा, न्हायतर विंगला जा. फुटबॉलात उंचीचे गट करा. पाच फुटाखालची लीग. मी स्वतः उतरतो.

तांबडा_पांढरा

तुमचं वजन बघता मैदान झुकंल.

शिवाजी_पेठ_कायमची

पाच फुटाखालची लीग काढली तरी शेवटी पेठांतच भांडणं. कप कुणाचा ते सांगायची गरज न्हाय.

हॉकीस्टिक_भवानी_मंडप

एक तक्रार. धाग्यावर सगळे हॉकी हॉकी म्हणायलेत आणि खऱ्या हॉकीचं नाव नाही. आपल्याकडं मेजर ध्यानचंद यांच्या नावाचं हॉकी स्टेडियम आहे. शाळेत तिथं खेळलोय. आमच्यात बॅकला उंचीचं एवढं कौतुक नव्हतं, खाली वाकून टॅकल करणारा पाहिजे असायचा. उंच पोरगं वाकेपर्यंत चेंडू पार.

आणि बर्फावरची म्हणाल तर भारताची पण आहे. लडाखच्या मुली. २०२५ ला महिला आशिया कपात भारताला ब्राँझ मिळालं, पहिल्यांदाच. नैसर्गिक बर्फ वर्षातले जेमतेम दोन महिने टिकतो त्यात सराव करून.

आजरा_घनसाळ

@हॉकीस्टिक_भवानी_मंडप हे माहीत नव्हतं. यावर वेगळा धागा काढाच.

गॅलरीतला_काका

रंकाळा एकदा तरी गोठावा अशी फार इच्छा आहे. कडेला भेळ, मध्ये मॅच.

कॅल्क्युलेटर_शाहूपुरी

कुणी पैशाचं बोलंना म्हणून मी बोलतो.

ड्राफ्टमधून आलेल्या पोराचा पहिला करार तीन वर्षांचा, आणि त्याला छत असतं. २०२२ च्या तुकडीला मूळ पगार जास्तीत जास्त साडेनऊ लाख डॉलर. म्हणजे पोरानं संघाला कितीही जिंकून दिलं तरी तीन वर्षं मूळ पगार तेवढाच, वर बोनस. त्यानंतरच्या करारात सगळं वसूल करायचं. हटसननं नवा करार जुन्याच्या शेवटच्या हंगामात, सुरुवातीलाच केला. लागू २०२६-२७ पासून. एकूण ७ कोटी ८ लाख डॉलर, आपले सहाशे कोटींच्या वर. त्यातून कर जातो, आणि तिकडचा कर काय असतो ते स्नेहलताईंना विचारा.

घाई का केली? लीगचा आणि खेळाडूंचा नवा सामंजस्य करार सप्टेंबर २०२६ पासून लागू होणार, त्यात स्वतःच्या संघाशी जास्तीत जास्त सात वर्षांचाच करार करता येतो. आठ वर्षांची खिडकी बंद होत होती. दुसरीकडं पगाराची मर्यादा वाढायलीय, २०२४-२५ ला संघाला ८ कोटी ८० लाख डॉलर होती, २०२५-२६ ला ९ कोटी ५५ लाख. म्हणजे वाट बघितली असती तर कदाचित जास्त मिळालं असतं. संघानं डॉबसन या बॅकला वर्षाला ९५ लाखांवर आणलाय, तो सहा फूट चार इंच. हटसन त्याच्यापेक्षा स्वस्तात बसला.

माझं मत: पोरानं बरोबर केलं. बॅकचा गुडघा, खांदा किंवा डोकं कधी जाईल सांगता येत नाही. करार संपंल तेव्हा तिशीत असणार, एक मोठा करार तरी अजून शिल्लक.

स्नेहल_टोरांटो

कर विचारू नका, मॉन्ट्रियल ज्या प्रांतात आहे त्या क्यूबेकचा तर त्याहून नका. 🙂

वि_गो_निवृत्त

एका पूर्ण हंगामावर आठ वर्षं. आमच्या बँकेत एवढ्या तारणावर ट्रॅक्टरचं कर्ज दिलं नसतं.

कॅल्क्युलेटर_शाहूपुरी

सर, तुमच्या बँकेनं ज्यांना दिलं त्यांची यादी काढू काय?

डॉ_अस्थी

डोक्याच्या दुखापतीचा उल्लेख झाला म्हणून: हटसनच्या बाबतीत मला तीच काळजी वाटते. वजन ७३-७४ किलो. चुकवून चुकवून किती वर्षं चुकवणार? पंचविशीत जे शरीर निसटतं ते तिशीत अर्धं पाऊल उशिरा निसटतं, आणि त्या खेळात अर्धं पाऊल म्हणजे फळी.

उंच_पण_बॅक

माझंही ऐका. मी सहा फूट एक. शाळेत पहिल्या दिवशीच ट्रेनरनं बोट दाखवलं, “तू स्टॉपर.” मला पुढं खेळायचं होतं, पायात ताकद होती, शॉट होता. कुणी विचारलं नाही. हेडिंग कर आणि मार लांब, एवढंच शिकवलं. पुढं पेठेच्या संघात गेलो तर तिथले म्हणाले, याला पास देता येत नाही. कसा येणार? शिकवलाच नव्हता. बारक्या पोरांचं दुःख सगळ्यांना दिसतं, उंच पोरांना कुणी खेळच शिकवत नाही हे कुणाला दिसत नाही.

स्नेहल_टोरांटो

@उंच_पण_बॅक, तुमच्यासाठी झ्देनो चारा. सहा फूट नऊ इंच, एनएचएलच्या इतिहासातला सर्वांत उंच. १९९६ ला ५६ वा निवडला गेला, म्हणजे हटसनच्या सहाच नंबर आधी. एवढा लांबडा माणूस बर्फावर वळणार कसा, ही लोकांची शंका. २००९ ची नॉरिस मिळाली, २०११ मध्ये कर्णधार म्हणून बोस्टनला कप जिंकून दिला, आणि १,६८० सामने खेळला, बचावपटूंमधला विक्रम. सात नॉरिस घेणारा लिडस्ट्रॉमसुद्धा १९८९ ला ५३ वा होता.

गॅलरीतला_काका

बारका नको, लांबडा नको. यांना बॅक कसला पाहिजे होता मग? मापाचा शर्ट घ्यायला गेल्यासारखं.

मिरजकर_तिकटी

काका, तेच तर. उंची एका नजरेत दिसते, वहीत लिहिता येते, उद्या कुणी विचारलं तर सांगता येतं. पोरगं खेळ किती वाचतं हे बघायला सामनेच्या सामने बसावं लागतं. शालेय स्पर्धेसाठी निवड एका दुपारी उरकतात. तेवढ्या वेळात अंगच दिसणार.

हटसनला वेळ मिळाला. निवड होऊन दोन वर्षं विद्यापीठात खेळला, संघानं घाई केली नाही, आणि तिथं त्याला बॅकलाच ठेवलं. त्याचा धाकटा भाऊ कोलसुद्धा बॅक, तोही अंगानं बारकाच, त्याला वॉशिंग्टननं २०२४ मध्ये ४३ वा घेतला. दोन वर्षांत तेवढा तरी शहाणपणा आला म्हणायचा. आमच्या गल्लीतल्या पोराला मात्र या हंगामात संघ मिळाला नाही तर सुब्रोतो कपाचा (शालेय फुटबॉल स्पर्धेचा) वयोगट निघून जाणार, आणि पुढच्या वर्षी नववी, क्लास, संपलं.

वि_गो_निवृत्त

या मुद्द्यावर मी तुमच्या बाजूनं. ट्रेनरला दोष देणार नाही म्हटलं ते निकालापुरतं. पण आठवीच्या पोराची जागा निकालावरून ठरवू नये. माझा सल्ला: स्टॉपरचा हट्ट सोडा, विंगही नको. साइड बॅकला खेळवा म्हणावं. तिथं हेडिंगचं काम कमी, समोरून येणाऱ्याला वाचायचं काम जास्त आणि चेंडू घेऊन बाहेर पडायलाही मिळतं. तुमचा हटसनही दोन बॅकांच्या जोडीत असतो, बाजू वाटून घेतात. ट्रेनरला हे मान्य करताना कमीपणा वाटणार नाही, त्याचा उंच स्टॉपर त्याच्याकडंच राहतो.

उंच_पण_बॅक

+१. आणि त्या उंच पोराला पण पास शिकवा म्हणावं.

हॉकीस्टिक_भवानी_मंडप

नाहीतर पाठवा आमच्याकडं. वाकता येतं काय त्याला?

मिरजकर_तिकटी

विगो सर, पोराच्या बापाला धागा वाचून दाखवला. साइड बॅकचं त्याला पटलं, रविवारी सरावाला गेला की ट्रेनरशी बोलणार आहे. सहाशे कोटींचा आकडा ऐकल्यावर “ती अमेरिका हाय” म्हणणं बंद झालंय, आता विचारतोय की स्केटिंग कुठं शिकवतात.

तांबडा_पांढरा

बोंबला.

डॉ_अस्थी

आधी साइड बॅक.